जुना रोल कॅमेरा घेताना : पारख लेन्सची

जुना कॅमेरा हाती आला की बहुतेक ग्राहक प्रथम शटरचे बटण दाबून पाहतो. ‘खट्’ असा आवाज आला की त्याचे निम्मे समाधान होते आणि विक्रेताही ‘चालू आहे’ एवढे सांगून मोकळा होतो. या ‘चालू आहे’चा अर्थ शटर हलते, इतकाच असतो. फिल्मवर उमटणारी प्रतिमा स्वच्छ असेल की धुरकट, हे ज्या लेन्सवर अवलंबून असते तिच्याविषयी तो आवाज काहीही सांगत नाही. शटरचा पडदा फाटला तर नवा बसविता येतो, सुकलेले वंगण बदलता येते, निघालेले चामडे पुन्हा चिकटविता येते. काच बुरशीने खाल्लेली असेल, तर मात्र ती पूर्ववत करणे व्यवहारात अशक्यच ठरते. कोकणपट्टीत आणि मुंबईत, जेथे वर्षातील चार महिने हवेत ओल भरलेली असते, तेथे तर कॅमेऱ्याची खरेदी ही मुख्यतः काचेची खरेदी समजावी.

रोल कॅमेऱ्यांचा काळ संपला, असे दोन दशकांपूर्वी सर्वांनीच गृहीत धरले होते. प्रत्यक्षात गेल्या काही वर्षांत तरुण छायाचित्रकार पुन्हा फिल्मकडे वळले आहेत. २०२४ मध्ये पेंटॅक्स कंपनीने ‘पेंटॅक्स १७’ हा रोलवर चालणारा नवा कॅमेरा बाजारात आणला, तो याच मागणीच्या भरवशावर. तथापि नव्या रोल कॅमेऱ्यांची निवड फारच मर्यादित असल्याने बहुतेकांना जुन्या मालाकडेच जावे लागते. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजाराचा परिसर, चोर बाजारातील मटन स्ट्रीट, गावोगावचे बंद पडलेले फोटो स्टुडिओ आणि नातेवाइकांची कपाटे हे त्याचे नेहमीचे ठिकाण. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग यांचा एकत्रित खर्च आज इतका वाढला आहे, की सदोष लेन्सवर वाया गेलेले दोन-तीन रोलही खरेदीतील ‘स्वस्ताई’ पुसून टाकतात.

लेन्सची तपासणी नेमकी कशी करावी, हे एका ठरावीक कॅमेऱ्याच्या आधारे पाहणे सोयीचे. त्यासाठी सोव्हिएत बनावटीचा ‘झेनिट-ई’ आणि त्यावरील ‘हेलिओस ४४-२’ ही लेन्स यांची जोडी घेण्यास हरकत नाही. ती अजूनही सहज मिळते, तिच्यात लपवाछपवी कमी आहे आणि जुन्या लेन्सचे जवळजवळ सर्व आजार तिच्यात पाहावयास मिळतात.

क्रास्नोगोर्स्कचा कॅमेरा

मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात १९६५ मध्ये झेनिट-ईचे उत्पादन सुरू झाले आणि पुढे अनेक वर्षे हा कॅमेरा लाखोंच्या संख्येने तयार होत राहिला. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकनिमित्त पाच वर्तुळांचे चिन्ह कोरलेली आवृत्तीही निघाली. परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते, त्या काळात रुपयांत चालणाऱ्या भारत-सोव्हिएत व्यापारामुळे सोव्हिएत माल येथे पोहोचत असे. लोकवाङ्मय गृहात मिळणारी स्वस्त आणि देखणी सोव्हिएत पुस्तके ज्यांच्या कपाटात असत, त्यांच्यापैकी एखाद्याकडे हा वजनदार कॅमेराही असे.

कॅमेरा साधा आहे. लेन्ससह वजन किलोच्या आसपास. शटरचा वेग १/३० ते १/५०० सेकंद, शिवाय बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे ठेवणारी ‘बी’ ही खूण. प्रकाशमापक सेलेनियमचा, म्हणजे बॅटरीची गरज नाही. व्ह्यूफाइंडरमधून मात्र प्रत्यक्ष फ्रेमचा जेमतेम दोन-तृतीयांश भाग दिसतो. त्यामुळे कडेला उभे असलेले काका आपल्याला दिसले नाहीत तरी फोटोत येतात.

कॅमेऱ्याचे खरे मोल त्याच्या लेन्समध्ये आहे. हेलिओसची रचना मूळची जर्मन. कार्ल झाइस कंपनीच्या विली मेर्टे यांनी १९२७ मध्ये आखलेल्या ‘बायोटार’ या रचनेवरून ती घेतलेली. नाभीय अंतर ५८ मिलिमीटर, सर्वांत मोठे अ‍ॅपर्चर एफ २, आत एकूण सहा काचा. त्यांपैकी चार काचा दोन-दोनच्या जोड्यांत एकमेकींना चिकटविलेल्या असून पुढची आणि मागची काच सुटी आहे. ही रचना लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण बुरशी कुठे पोहोचली आहे यावर दुरुस्तीची शक्यता ठरते. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर पार्श्वभूमीतील पाने भोवऱ्यासारखी फिरल्याचा आभास ही लेन्स निर्माण करते. एकेकाळी दोष मानला गेलेला हा भोवराच आज तिची मागणी वाढवीत आहे. काही विक्रेते झेनिट-ईवर हेलिओसऐवजी ‘इंडस्टार ५०-२’ ही ५० मिलिमीटर, एफ ३.५ ची छोटी लेन्स लावून देतात. तीही मूळ जोडीतलीच असून वाईट नाही. परंतु हेलिओसच्या भावात ती घेऊ नये.

लेन्सच्या पुढील कड्यावर कोरलेल्या क्रमांकाचे पहिले दोन अंक सहसा उत्पादनाचे वर्ष सांगतात. ७७ ने सुरू होणारा क्रमांक १९७७ चा. कॅमेऱ्याच्या पेटीवरील क्रमांकालाही बहुधा हाच नियम लागू पडतो. दोहोंच्या वर्षांत दहा वर्षांचे अंतर असेल तर लेन्स बदलली गेली आहे, असे समजावे. तो दोष नव्हे, पण ती कोणी व का बदलली, हे विचारण्यास निमित्त मिळते.

टॉर्चच्या उजेडात

लेन्स पेटीवर बसलेली असताना तिची तपासणी होऊच शकत नाही. हेलिओस स्क्रूप्रमाणे फिरवून निघते. विक्रेता लेन्स काढू देत नसेल, तर बोलणी तेथेच थांबवावीत.

काढलेल्या लेन्सवर अ‍ॅपर्चरसाठी दोन कडी असतात. एका कड्याने आकडा निवडायचा व दुसऱ्याने पाती प्रत्यक्ष उघडायची-मिटायची, अशी ही जुनी पद्धत. ती ठाऊक नसलेला ग्राहक एकच कडे फिरवतो, पाती हलत नाहीत आणि लेन्स अडकली असा त्याचा समज होतो. कधी कधी याच अज्ञानामुळे चांगली लेन्स स्वस्तात विकली जाते, हा भाग निराळा. तपासणीसाठी एफ २ वर पाती पूर्ण उघडावीत.

आता लेन्स खिडकीकडे किंवा ट्यूबलाइटकडे धरून आरपार पाहावे. या पहिल्या नजरेत जवळजवळ प्रत्येक लेन्स स्वच्छ दिसते आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. सरळ येणाऱ्या उजेडात आतले दोष लपतात. ते तिरप्या उजेडात उघडे पडतात. म्हणून लहान पण प्रखर टॉर्च (मोबाइलचाही चालतो) लेन्सच्या मागून, थोड्या तिरप्या कोनात धरावा आणि समोर काळे कापड किंवा अंधारा कोपरा ठेवून पुढच्या बाजूने पाहावे. मग लेन्स उलटी करून पुन्हा तेच करावे. कोन सावकाश बदलत राहावा. एका कोनात काहीच न दाखविणारी काच दुसऱ्या कोनात कोळिष्टकांनी भरलेली दिसते.

टॉर्चच्या उजेडात काही ना काही दिसणारच. पन्नास वर्षांच्या लेन्समध्ये धुळीचे कण नसतील, तर ती नुकतीच कोणीतरी खोलली आहे असेच मानावे. धुळीचे पाच-पन्नास कण चित्रावर कोणताही परिणाम करीत नाहीत. काचेच्या आत अडकलेले बारीक बुडबुडेही निरुपद्रवी असतात. त्या काळच्या काच ओतण्याच्या पद्धतीचा तो अवशेष आहे. काचेच्या कडेला दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे अनेकदा आतील काळा रंग सुटल्याची खूण असते. दिसते वाईट, बिघडवत काही नाही. पुढच्या काचेवरील एखादा ठळक ओरखडाही चित्रात सहसा दिसत नाही. ग्राहक नेमका याच ओरखड्यावर घासाघीस करतात, हे मोठे गमतीचे आहे. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र अधिक घातक, कारण फिल्मकडे जाणारे किरण तेथे आटोपशीर झालेले असतात. आणि पुढच्या काचेवर धोतराच्या किंवा पदराच्या टोकाने वर्षानुवर्षे पुसल्याने उमटलेले असंख्य बारीक चरे हे त्या एका ठळक ओरखड्यापेक्षा अधिक वाईट. ते समोरून येणाऱ्या उजेडात संपूर्ण चित्र फिके करतात.

धुके हा त्याहून फसवा प्रकार. फोकसच्या आट्यांना लावलेल्या वंगणातील तेलकट अंश हळूहळू उडून आतील काचांवर, विशेषतः अ‍ॅपर्चरच्या पात्यांशेजारच्या पृष्ठभागांवर, पातळ थराच्या रूपाने बसतो. आरपार पाहताना तो दिसत नाही. टॉर्च लावताच थंडीतल्या खिडकीच्या काचेसारखा पांढुरका पट्टा उजळून उठतो. अशा लेन्सच्या चित्रांत काळा रंग काळा उतरत नाही, तो राखाडी होतो. सुदैवाने हेलिओस खोलण्यास सोपी आहे आणि धुके वेळीच पुसले तर मागे काही राहत नाही. हे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे आणि त्याची मजुरी किमतीतून वळती करावी.

बुरशी

बुरशी ओळखण्यास फारसे ज्ञान लागत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे, झाडाच्या मुळांसारखे किंवा हिमकणासारखे फाटे फुटलेले तंतू काचेच्या कडेकडून मध्याकडे पसरताना दिसतात. हवेतील बीजाणू प्रत्येक लेन्समध्ये असतातच. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली, अंधार असला आणि हवा खेळती नसली की ते रुजतात. धूळ, बोटांचा तेलकटपणा आणि वंगणाचे अंश हे त्यांचे खाद्य. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, हे लक्षात घेता कपाटातल्या कॅमेऱ्याची काय अवस्था होत असेल याची कल्पना यावी. त्यातच तो मूळच्या चामडी पेटीत जपून ठेवलेला असतो. चामडे ओल शोषून धरते व स्वतःही बुरशीला आश्रय देते. ज्या घरात कॅमेरा अत्यंत निगुतीने त्या पेटीत, ट्रंकेच्या तळाशी ठेवला गेला, तेथील लेन्स बहुधा सर्वांत वाईट निघते. आणि उघड्या फडताळावर धूळ खात पडलेली वाचते.

प्रश्न तंतूंचा नाही, त्यांच्या स्रावाचा आहे. बुरशी आम्ल सोडते. ते प्रथम काचेवरील परावर्तनरोधक लेप खाते आणि नंतर काचेवरच कायमचे व्रण उठवते. या लेपाचे महत्त्व समजून घेण्यासारखे आहे. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे चार टक्के परत फेकतो. हेलिओसमध्ये हवेला भिडणारे असे आठ पृष्ठभाग आहेत. लेपच नसता तर एक-चतुर्थांशाहून अधिक प्रकाश वाटेतच गळला असता आणि त्यातला काही आतल्या आत आदळून चित्रावर पांढरट पडदा धरला असता. झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये पेटंट घेतलेल्या लेपनाच्या तंत्रामुळे हा प्रश्न सुटला. बुरशी जेव्हा लेप खाते, तेव्हा लेन्स त्या-त्या ठिकाणी पुन्हा १९३५ पूर्वीच्या अवस्थेत जाते.

लेपाची तपासणी टॉर्चने नव्हे, परावर्तनाने करावी. छतावरील ट्यूबलाइटचे प्रतिबिंब काचेवर पाडून लेन्स हळूहळू कलती करावी. प्रतिबिंबाची निळसर, जांभळट किंवा पिवळसर छटा सर्वत्र एकसारखी असावी. तिच्यात रंगहीन फाटे किंवा डाग दिसले, तर बुरशी पूर्वी होती, कोणीतरी ती पुसली आणि व्रण मागे राहिले, असा अर्थ होतो. ‘नुकतीच साफ केली आहे’ या शिफारशीची परीक्षा अशी घ्यावी.

बुरशी दिसली की खरेदी रद्दच करावी, असे नाही. पुढच्या किंवा मागच्या सुट्या काचेवर, एका कोपऱ्यात दोन-चार कोवळे तंतू असतील तर ते पुसले जातात व व्रणही बहुधा नसतात. ते चिकटविलेल्या जोडीच्या मध्ये, म्हणजे दोन काचांच्या सांध्यात असतील, तर ती लेन्स सोडून द्यावी. सांधा उकलून पुन्हा चिकटविण्याचा खर्च हेलिओसच्या किमतीपेक्षा अधिक होईल. सांधा सुटू लागल्याची खूणही तेथेच पाहावी. कडेपासून आत सरकणारे इंद्रधनुषी पट्टे किंवा तेलाच्या तवंगासारखा चंद्रकोरीचा आकार दिसला, तर दोन काचांमधील डिंक सोडू लागला आहे. तो आज कडेला असेल. वाढण्याची शक्यता मात्र कायम राहते.

पात्यांवरील तेलाविषयी ग्राहकांचा गैरसमज मोठा आहे. हेलिओस ४४-२ ची पाती हाताने फिरवायची असल्याने त्यांवर तेल असले तरी ती अडकत नाहीत. धोका फक्त ते तेल पुढे धुक्याच्या रूपाने काचेवर जाण्याचा. ज्या लेन्समध्ये बटण दाबताच पाती आपोआप मिटावयाची असतात, तेथे हेच तेल त्यांना मंद करते आणि चित्रे अतिप्रकाशित येतात. शटरच लेन्सच्या आत असलेल्या कॅमेऱ्यांत शटरच्या पात्यांवरील तेल म्हणजे उघड बिघाड.

पिवळी काच, खोटे नाव

हेलिओसची ४२ मिलिमीटर व्यासाची आटी अनेक कंपन्यांनी वापरली असल्याने झेनिटवर इतर लेन्सही बसतात. त्यांत पेंटॅक्सच्या ‘टाकुमार’ लेन्स नामांकित. ५० मिलिमीटर, एफ १.४ ची टाकुमार काही वेळा चहासारखी पिवळी दिसते व ग्राहक ती बाजूला ठेवतो. हा पिवळेपणा बुरशीचा किंवा धुक्याचा नव्हे. तिच्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य मिसळलेले असून त्याच्या प्रभावाने काच वर्षांनुवर्षे पिवळी पडत जाते. काही दिवस किंवा आठवडे उन्हात अथवा अतिनील दिव्याखाली ठेवली की ती बरीचशी निवळते. कॅमेऱ्यावर नेहमीच्या वापराने धोका मानला जात नाही. तथापि अशी लेन्स खोलून काच घासण्याच्या फंदात पडू नये.

बनावट मालाचा धोका झेनिटला जवळजवळ नाही, कारण इतक्या स्वस्त वस्तूची नक्कल कोणी करीत नाही. तो आहे ‘लायका’च्या नावाने मिळणाऱ्या कॅमेऱ्यांना. सोव्हिएत ‘फेड’ आणि ‘झोर्की’ हे कॅमेरे मुळातच लायकाच्या धर्तीवर बनलेले. त्यांवरील नाव घासून ‘लायका’ असे कोरायचे, सोनेरी मुलामा द्यायचा, एखादे जर्मन लष्करी चिन्ह उमटवायचे आणि दुर्मीळ वस्तू म्हणून विकायचे, हा धंदा जगभर चालतो. चोर बाजारात चकाकता सोनेरी लायका दिसला, तर लेन्स काढून पेटीच्या आत वरच्या बाजूस पाहावे. फोकसशी जोडलेल्या तरफेच्या टोकाला अस्सल लायकात लहानशी गोल चकती असते, सोव्हिएत नकलेत पाचरीसारखा तुकडा. लेन्सही बोलते. लायकाच्या ‘एल्मार’ लेन्समध्ये अ‍ॅपर्चरची पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे असतात. एल्मार म्हणून खपविल्या जाणाऱ्या इंडस्टारमध्ये ती दुसऱ्या काचेच्या मागे, अधिक खोलवर दिसतात. फेड म्हणून फेड घेण्यात काहीच वावगे नाही. मात्र त्याचा शटरवेग कळ ओढल्यानंतरच बदलावा.

अनंतावरचे डोंगर

काच निर्दोष ठरली तरी ती योग्य जागी बसली आहे का, हे पाहणे उरते. जुन्या लेन्स पुष्कळदा घरगुती हातांनी खोलल्या गेलेल्या असतात. आट्या जोडताना एक सुरुवात चुकली, तर लेन्स वरकरणी ठीक दिसते, परंतु दूरची वस्तू कधीच स्पष्ट येत नाही.

परीक्षा बिनखर्चाची आहे. कॅमेऱ्याची पाठ उघडावी, जेथे फिल्म ताणली जाते तेथील रुळांवर ट्रेसिंग पेपर सपाट चिकटवावा, शटर ‘बी’वर उघडे धरावे आणि अ‍ॅपर्चर एफ २ ठेवून लेन्स अनंताच्या खुणेवर आणावी. दूरची इमारत किंवा डोंगराची कड कागदावर उलटी दिसेल. ती भिंगातून पाहावी. कड तीक्ष्ण असली पाहिजे. व्ह्यूफाइंडरमध्येही ती तितकीच स्पष्ट हवी. कागदावर स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अस्पष्ट असेल, तर लेन्स ठीक असून आरसा किंवा पडदा हललेला आहे. ज्यांच्याकडे आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा आहे, त्यांनी साधे अ‍ॅडॉप्टर लावून लेन्स तेथेच तपासावी. वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सपाट चिकटवून, कॅमेरा समोर बरोबर समांतर ठेवून एफ २ आणि एफ ८ वर एक-एक चित्र घ्यावे. एफ २ वर चारही कोपरे मऊ येणे हा हेलिओसचा स्वभाव आहे. डावी बाजू स्पष्ट आणि उजवी पुसट, हा मात्र काच तिरकी बसल्याचा पुरावा.

फोकसचे कडे जड फिरणे हा सोव्हिएत लेन्सचा नित्याचा आजार. घट्ट झालेले वंगण बदलले की तो जातो. कडे फिरविताना लेन्सचे नळकांडे डुगडुगत असेल किंवा कुठे खरखर लागत असेल, तर ते अधिक गंभीर.

पेटीची तपासणी त्या मानाने झटपट होते. लेन्स काढून व पाठ उघडून पांढऱ्या भिंतीकडे पाहत १/५०० वर शटर सोडावे. चौकट पूर्ण आणि सारख्या उजेडाची दिसावी, एक कड काळी राहू नये. पडद्यामागे दिवा धरून सुईएवढी छिद्रे शोधावीत. प्रकाशमापकावर तळहात ठेवला की काटा पडला पाहिजे आणि उचलला की चढला पाहिजे. सेलेनियम मेलेले असेल तर त्याचे दुःख करू नये. लख्ख उन्हात एफ १६ आणि शटरवेग फिल्मच्या आयएसओ आकड्याच्या जवळपास, हा जुना हिशेब आजही पुरेसा बरोबर आहे. सत्तरच्या दशकातील जपानी कॅमेऱ्यांत पाठीच्या खाचांतील फोम डांबरासारखा चिकट झालेला आढळतो. तो बदलणे स्वस्त असते.

खरेदीनंतरचा पहिला रोल कृष्णधवल व कमी महत्त्वाच्या विषयांवर खर्च करावा आणि प्रत्येक चित्राचे अ‍ॅपर्चर व शटरवेग वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे दोष नेमका कोणत्या वेगावर येतो ते धुतलेल्या निगेटिव्हवरून कळते. चामडी पेटी शोभेसाठी वेगळी ठेवावी. लेन्ससाठी घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल पुरेसे आहे. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. डांबराच्या गोळ्या ओल शोषत नाहीत, त्यामुळे त्यांचा येथे उपयोग नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून उजेडात ठेवावी आणि महिन्यातून एकदा तिच्यामागे टॉर्च धरावा.